दिवाणजींची पाठ

वामनराव खानझोडे यांना नाचातलं काही कळत नव्हतं, आणि हे न कळणं ते दिग्रसमध्ये मोठ्या ऐटीत मिरवत. इतिहासाचे प्राध्यापक म्हणून एकतीस वर्षं नोकरी, त्यातली अठरा विभागप्रमुख म्हणून, निवृत्तीनंतर ‘दिग्रस : एका बाजारपेठेचा इतिहास’ हे साडेतीनशे पानांचं पुस्तक. एवढं पदरी असलं की माणसाला दुसऱ्यांची कीव करायला फुरसत मिळते. गावातल्या कवींना ते ‘यमकवाले’ म्हणत, पत्रकारांना ‘तारीखचुके’. व्याख्यानमालेच्या वक्त्यांना मात्र त्यांनी नाव ठेवलं नव्हतं, कारण ते ऐकायलाच जात नसत. बायको रत्नप्रभाबाई, कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या, कधीमधी म्हणत, “अहो, एखादा माणूस तरी शिल्लक ठेवा गावात.”

तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा जुना विद्यार्थी पियूष घरी आला. हा पोरगा आता ज्युनियर कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात गावात ‘सांस्कृतिक चळवळ’ चालवायचा. म्हणजे वर्षातून दोनदा खुर्च्या भाड्यानं आणायचा, असं वामनरावांचं मत.

“सर, केतकी गावंडे म्हणून मुलगी आहे. आपल्या महागावची. बंगळुरूला आधुनिक नृत्य शिकली. तिनं ‘सरकी’ नावाचं नृत्य बसवलंय, आपल्या कापसाच्या जुन्या जिनावर. प्रयोगही जिनाच्याच गोदामात आहे. प्रयोगानंतर तुम्ही वीस मिनिटं बोलायचं, त्याच्या सामाजिक आणि ऐतिहासिक अर्थावर.”

“घुंगरू आहेत का?” वामनरावांनी विचारलं.

“नाही सर.”

“गाणं?”

“गाणंही नाही. सरकी काढणाऱ्या रेच्यांचा आवाज आहे, यंत्रं चालतात ना, तसा.”

“घुंगरू नाहीत, गाणं नाही. मग उरलं काय?”

“शरीर आहे सर.”

“शरीर माझ्याकडेही आहे. मी त्याचे प्रयोग लावत नाही.”

पियूष हसला. या माणसापुढे हसण्यावाचून गत नाही हे तो अकरावीपासून शिकलेला होता. वामनरावांनी होकार दिला तो नृत्यासाठी नव्हे. आपण नाही म्हटलं तर यवतमाळच्या एका प्राध्यापकाला बोलावतील, आणि तो गृहस्थ कापसाच्या इतिहासावर काय दिवे लावील हे त्यांना माहीत होतं.

भाषण त्यांनी दुसऱ्याच दिवशी लिहून टाकलं. चार पानं. अमेरिकेतलं यादवी युद्ध, मँचेस्टरच्या गिरण्या, वऱ्हाडचा कापूस, रेल्वे, स्वदेशी. नाच आधी पाहावा असं काही त्यांना वाटलं नाही. कापसावरच्या नाचात काय असणार? दोन पोरी कापूस वेचतील, एक पोरगा इंग्रज होईल, शेवटी कोणीतरी मूठ वर करील. तरीही सौजन्य म्हणून त्यांनी तीन ठिकाणी जागा कोरी सोडली. ‘या प्रसंगात दिसते त्याप्रमाणे’ असं म्हणून तिथे काहीतरी भरता येईल.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी केतकी स्वतः आली. तिशीच्या आतली, कापलेले केस, पायात साध्या चपला. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “सर, प्रयोग पाहण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. त्यात एक माणूस आहे...”

“थांबा,” वामनराव म्हणाले. “नाच आधी समजावून सांगावा लागत असेल तर तो फसला म्हणायचा. मला काही सांगू नका. मी कोऱ्या मनानं येतो.”

तिनं एकदा त्यांच्याकडे, एकदा टेबलावरच्या टाइप केलेल्या चार पानांकडे पाहिलं. मग “बरं,” म्हणून उठली. ती गेल्यावर वामनराव बायकोला म्हणाले, “बंगळुरूला जाऊन एवढंच शिकून येतात. स्वतःची जाहिरात.”

जिन बंद पडून वीसेक वर्षं झाली होती. रुईचं, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचं, गोदाम तेवढं धड उरलं होतं. शनिवारी संध्याकाळी साडेपाचला तिथे मंगल कार्यालयाच्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध इंद्रजित, जिनाच्या मूळ मालकाचा नातू. त्यानं जागा फुकट दिली म्हणून तो प्रमुख पाहुणा होता, आणि प्रमुख पाहुणा असल्यामुळे फोनवर बोलत होता. डाव्या अंगाला दोन रांगा बायकांच्या, म्हाताऱ्या, नऊवारीतल्या, काही शेजारच्या तांड्यावरून आलेल्या. कधीकाळी याच जिनात कामाला होत्या म्हणून केतकीनं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. ‘वातावरणनिर्मिती,’ वामनरावांनी मनात शेरा मारला.

नृत्य सुरू झालं. सहा पोरी, मळक्या रंगाचे कपडे, आणि यंत्राचा घरघराट. पोरी वाकल्या, उठल्या, वाकल्या, उठल्या. दहा मिनिटं हेच. मागून कोणीतरी कुजबुजलं, “योगा हाय काय हा?” वामनरावांना तो प्रश्न रास्त वाटला. त्यांनी कागदाच्या कडेला ‘कवायत’ असं लिहून खाली रेघ मारली. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेला खटकली. सहाही पोरींचा डावा कोपर अंगाला चिकटलेला होता. वाकताना, ओझं उचलताना, चालतानाही. उजवा हात राबायचा आणि डावा कोपर कमरेशी घट्ट. त्यामुळे सगळी हालचाल लंगडी दिसत होती. बसवणारीला एवढंही कळू नये?

मग घरघराट थांबला. पोरी एका रांगेत उभ्या राहिल्या. एक तरुण नर्तक लाकडी खुर्ची घेऊन आला, ती त्यानं रांगेच्या पुढे ठेवली आणि पोरींकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून बसला. एक पाय वर घेतला. डोक्यावरची काळी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

वामनरावांच्या हातातलं पेन थांबलं.

टोपी अशी गुडघ्यावर ठेवणारा एकच माणूस त्यांनी पाहिला होता. दत्तोपंत खानझोडे, जिनाचे दिवाणजी, सत्तावीस वर्षं. त्यांचे वडील.

मागे झडती सुरू झाली. सुटीच्या वेळी बायका जिनाच्या फाटकातून बाहेर पडताना अंगावर रुई लपवून नेत नाहीत ना, हे तपासायची रीत होती. सहांपैकी एक पोरगी मुकादमीण झाली आणि तिचे हात एकेकीच्या अंगावरून फिरू लागले. केस, काखा, चोळी, कमर. वेगानं, सवयीनं, गुरांच्या बाजारात फिरतात तसे. एकेक झाली की खुर्चीवरचा माणूस मागे न वळता दोन बोटं उचलायचा. पुढची. त्याचा चेहरा शांत होता, जवळजवळ सात्त्विक. त्याला जे दिसत नव्हतं ते सगळं गावाला दिसत होतं.

खानझोड्यांच्या घरात ही गोष्ट सुविचारासारखी सांगितली जाई. दत्तोपंत झडतीच्या वेळी पाठ करून बसत. परस्त्रीकडे कधी डोळा उचलला नाही. त्यांच्या तेराव्याला गुरुजींनी हेच सांगितलं होतं आणि सगळ्यांचे डोळे भरून आले होते. वामनरावांच्या पुस्तकात पान दोनशे बारावर, वडिलांच्या फोटोखाली, एक वाक्य होतं : ‘स्त्री-कामगारांशी दिवाणजींचे वर्तन अत्यंत सभ्य असे.’ झडतीबद्दल पुस्तकात अक्षर नव्हतं. कुठल्या कागदात तिची नोंद नव्हती, आणि नोंद नसलेली गोष्ट वामनराव लिहीत नसत. त्याचाही त्यांना अभिमान होता.

शेवटच्या पोरीपाशी मुकादमिणीचा हात कमरेवर अडला. तिनं ओढलं. हातात मूठभर रुई आली, एका बाजूनं लाल.

डावीकडच्या बायकांमधून एक बारीक आवाज आला, श्वास आत ओढल्यासारखा. पुरुषांना कळायला वेळ लागला. मुकादमीण ती मूठ वर धरून उभी राहिली. चहूबाजूंनी त्या काळी रुईचे ढीग असत, छतापर्यंत, आणि त्यातली एक मूठ या पोरीनं महिन्याच्या त्या चार दिवसांसाठी घेतली होती. रांग गोठली. खुर्चीवरच्या माणसाला ती शांतता जाणवली असावी. त्याची मान किंचित वळली. अर्धी. सगळं गोदाम त्या मानेकडे पाहत होतं. मग ती परत सरळ झाली आणि दोन बोटं वर गेली. पुढची.

मुकादमिणीनं ती मूठ बाजूला फेकून दिली. घरघराट पुन्हा सुरू झाला, पोरी पुन्हा वाकू लागल्या, आणि त्यांचा डावा कोपर अंगाला चिकटलेलाच होता. तो तसा का आहे हे आता वामनरावांना कळलं. घरी जाताना अंगावर हात फिरणार आहे हे ज्या शरीराला सकाळपासून ठाऊक असतं ते असंच काम करतं. एकाही दप्तरात नसलेली गोष्ट त्या पोरींनी पहिल्या मिनिटापासून कोपरात धरून ठेवली होती, आणि त्यांनी शेजारी ‘कवायत’ लिहिलं होतं.

टाळ्या झाल्या. बायकांच्या रांगांनी वाजवल्या नाहीत. पियूषनं माइकवरून त्यांचं नाव पुकारलं.

इथे वामनरावांनी जे केलं त्याची पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. ते उठले, चष्मा पुसला आणि लिहून आणलेलं भाषण वाचायला लागले. अमेरिकेतलं यादवी युद्ध झालं. मँचेस्टर झालं. इंद्रजित मान डोलावत होता. पहिली कोरी जागा आली आणि वामनरावांच्या तोंडून सफाईनं वाक्य बाहेर पडलं : “या प्रसंगात दिसते त्याप्रमाणे, खुर्चीवर पाठ करून बसलेला तो माणूस म्हणजे परकीय सत्ता. आपल्या शोषणाकडे पाठ फिरवलेलं इंग्रजी साम्राज्य...”

“सर, जराक थांबा.”

डावीकडच्या पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली होती. काटक, हातात चांदीचं जाड कडं. बसंतीबाई राठोड. गाव तिला ओळखत होतं, वामनरावही चेहऱ्यानं ओळखत होते.

“तो इंग्रज नोहे,” ती म्हणाली. “इंग्रज गेलते तवा माह्या मायचं लगनबी नव्हतं झालं. ते तुमचे बाबा होत. दिवाणजी. या पोट्टीले म्याच सांगतलं, टोपी कशी ठेवत जाय ते.”

गोदामात चुळबुळ झाली आणि लगेच विझली.

“बाई,” वामनरावांचा वर्गातला आवाज आपसूक लागला, “माझे वडील सज्जन गृहस्थ होते. त्यांनी जन्मात कोणा बाईकडे मान वर करून पाहिलं नाही.”

“मंग मी काय सांगून राह्यली?” बसंतीबाईचा आवाज चढला नाही. “नाईच पाह्यलं त्याईनं. एकडाव मांगं पाह्यलं असतं तं मुकादमीण थांबली असती. त्याईच्या पाठीच्या भरवशावर चालत होतं सारं.”

इंद्रजितनं घसा खाकरला. “आजी, जुन्या गोष्टी आहेत त्या. आज विषय कलेचा आहे. सगळी भली माणसं होती तेव्हाची.”

वामनरावांना त्याच्याबद्दल नेहमीची ती गार तुच्छता दाटून आली. शेठचा नातू, दोन पुस्तकं वाचलेली नाहीत. आणि मग लक्षात आलं की हा जे बोलला तेच वाक्य आपण आत्ता, जरा बऱ्या मराठीत, बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोर कागद असून पुढचं वाक्य सापडेना. “मला पुढे बोलता येणार नाही,” असं म्हणून ते खाली बसले. पियूषनं घाईघाईनं आभार मानले. लोक चहाकडे वळले.

दारात केतकी पोरींच्या पिशव्या मोजून रिक्षात ठेवत होती.

“काल तुम्ही हेच सांगायला आला होतात?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग सांगायचं होतं.”

“तुम्ही ऐकून कुठे घेतलंत?” तिनं एक पिशवी आत ढकलली. “सर, मी सगळ्यात आधी तुमचं पुस्तक वाचलं होतं. वाटलं, यात सगळं मिळेल. पान दोनशे बारा वाचलं आणि मग बायकांना भेटायला निघाले.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. निरुपयोगी अवजार बाजूला ठेवावं तसं तिनं ते पुस्तक बाजूला ठेवलं होतं, एवढंच. नवऱ्याबरोबर प्रयोगाला आलेल्या रत्नप्रभाबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी केतकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उरलेल्या पिशव्या तिच्याबरोबर रिक्षात ठेवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव बसंतीबाईच्या घरी गेले. बसस्टँडच्या मागे दोन खोल्या, अंगणात सुपात तूर. ती तूर पाखडत होती. बसा म्हणाली नाही. ते उभेच राहिले.

“बसंतीबाई, ती शेवटची मुलगी... ती कोण होती?”

“मी असन, नाई तं माही बहीण असन, नाई तं आणिक कोणी असन. तुमाले काय फरक पडते?”

“मला त्यावर लिहायचं आहे. पेपरात.”

“लिवा नं. तुमाले सवयच हाय.” सुपातला कचरा तिनं फुंकून उडवला. “माह्यं नाव नका घालू. तुमच्या बापाचं घाला.”

वामनराव थोडे घुटमळले. मग जो प्रश्न विचारू नये तोच त्यांनी विचारला. “बाबांचा राग होता का तुम्हा सगळ्यांना?”

ती हसली. दोन दात नसलेलं, उघडं हसू. “मुकादमीण वंगाळ होती. तिले आमी साऱ्या शिव्या देत जाओ, मन हलकं होये. तुमच्या बापाले तं शिव्याबी देता येत नव्हत्या. भला माणूस पडला. दिवाळीले पोराइले लाडू वाटे. अशा माणसाचं काय करावं, सांगा बरं?”

तिनं सूप उचललं आणि आत गेली.

लेख लिहायला त्यांना पाच दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मँचेस्टर होतं, ते त्यांनी काढलं. दुसऱ्यात ‘देहाचे राजकारण’ असा शब्द आला होता, तोही खोडला. असले शब्द दुसऱ्यांच्या लेखात दिसले की ते हसायचे. आता त्यांच्याआड स्वतः दडायला ते किती सोयीचे आहेत ते दिसलं. शेवटी, जिनाच्या इतिहासाचा पहिला परिच्छेद सोडला तर, जे राहिलं ते असं होतं : या नृत्यात सहा जणींचा डावा कोपर अंगाला चिकटलेला आहे तो का, आणि एक माणूस पाठ करून बसला आहे तो कोण. तो माणूस माझे वडील, दत्तोपंत खानझोडे. आमच्या घरी या पाठीला सभ्यता म्हणत. केतकी गावंडे यांनी ती पाठ जशीच्या तशी ठेवली, फक्त तिच्यामागे काय चाललं होतं ते दाखवलं. माझ्या पुस्तकातलं पान दोनशे बारावरचं वाक्य मी मागे घेतो.

पेपरच्या संपादकाचा फोन आला. “सर, लेख उत्तम. फक्त तो वडिलांचा भाग व्यक्तिगत होतो. काढू का? आपल्याच प्रतिष्ठेसाठी म्हणतो.”

“तो काढणार असाल तर बाकीचं छापू नका.”

रविवारी लेख आला, वडिलांच्या नावासकट. दुपारी नागपूरहून थोरल्या भावाचा फोन आला. दादा वयानं ऐंशीचे, आवाज अजून खणखणीत. “बापाचं नाव चव्हाट्यावर आणलंस. कोण्या तांड्यावरच्या बाईच्या सांगण्यावरून?”

“त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, दादा. बाबा पाठ करून बसत हे तुम्हीच मला सांगितलं होतं.”

“ते संस्कार होते!”

“हो. मीही तसंच लिहिलं होतं.”

दादांनी फोन आपटला. पुढे त्यांच्या नातवाच्या मार्चमधल्या मुंजीचं आमंत्रण दिग्रसला आलं नाही. गावात कोणी त्यांचं कौतुक केलं, कोणी ‘म्हातारपणी प्रसिद्धीची हौस’ म्हणून नाक मुरडलं. इंद्रजितनं पुढच्या कार्यक्रमाला गोदाम द्यायला नकार दिला. रत्नप्रभाबाईंनी लेख कापून शिवणाच्या डब्यात ठेवला.

आठवड्यानं पियूष आला तेव्हा वामनरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “बसंतीबाईंनी वाचला का?”

“नातीकडून वाचून घेतला, सर.”

“मग?”

पियूषनं जरा इकडेतिकडे पाहिलं. “म्हणाल्या, चार ओळीचं काम होतं, पानभर लिवलं. आणि मग नातीला म्हणाल्या, चाल, भाकरी टाकाच्या हायेत.”

वामनराव म्हणाले, “बरोबर आहे. पहिला परिच्छेद नकोच होता.”